जुनं ऑफिस, नवा कॉम्प्युटर: २००३, २००७, २०१० चं वर्ड-एक्सेल विंडोज ११ वर चालतं का? जाणून घ्या सविस्तर

दूध संस्था असो, पतसंस्था असो की शाळेचं ऑफिस, दहा-बारा वर्षं चाललेला कॉम्प्युटर एक दिवस बंद पडतो. नवा येतो, त्यात विंडोज ११ असतं. सभासदांची यादी, खतावणी, दाखल्यांचे नमुने मात्र सगळे जुन्या वर्ड आणि एक्सेलमध्ये. फाईल उघडायला गेलं की कुठे 'पैसे भरा' अशी सूचना येते, कुठे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ऑडिट तोंडावर असताना असं झालं तर पळापळ होते. आधीच नीट तयारी केली तर ती टाळता येते.

जुनं ऑफिस नव्या विंडोजवर चालतं का?

बहुतेक ठिकाणी चालतं, पण कंपनी त्याची हमी देत नाही. विंडोज ११ फक्त ६४-बिट प्रकारात येतं. त्यावर ३२-बिट प्रोग्रॅम चालतात आणि ऑफिस २००३, २००७ ३२-बिटच आहेत. २०१० दोन्ही प्रकारांत आलं होतं. मात्र १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर अजिबात चालत नाहीत. म्हणून फॉक्सप्रोमध्ये बनवलेला डॉसचा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम थेट सुरू होणार नाही. त्याला डॉसबॉक्ससारखा वेगळा प्रोग्रॅम लागतो.

कोणत्या आवृत्तीचा सपोर्ट कधी संपला?

- ऑफिस २००३: ८ एप्रिल २०१४
- ऑफिस २००७: १० ऑक्टोबर २०१७
- ऑफिस २०१०: १३ ऑक्टोबर २०२०
- ऑफिस २०१३: ११ एप्रिल २०२३
- ऑफिस २०१६ आणि २०१९: १४ ऑक्टोबर २०२५

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. सपोर्ट संपला म्हणजे प्रोग्रॅम बंद पडतो असं नाही. पण त्यात नवी त्रुटी सापडली तर ती कंपनी दुरुस्त करत नाही.

जुना कॉम्प्युटर हलवण्याआधी काय करावे?

१. सगळ्या फाईल दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह तिन्ही तपासा.

२. विंडोजच्या फोल्डरमधला 'फॉन्ट्स' हा फोल्डर उघडून मराठी फॉन्ट कॉपी करून ठेवा. हे बहुतेक जण विसरतात.

३. ऑफिसच्या सीडीच्या कव्हरवर २५ अक्षर-अंकांची प्रॉडक्ट की असते. तिचा फोटो काढा.

४. ऑफिस कॉम्प्युटरसोबतच आलेलं असेल तर त्याचा परवाना साधारणपणे त्याच मशीनपुरता असतो. सुटी सीडी घेतली असेल तर ते दुसऱ्या मशीनवर नेता येतं.

नव्या कॉम्प्युटरवर कसं टाकायचं?

१. आधी बिल आणि खोका बघा. काही लॅपटॉपसोबत नवीन ऑफिस कायमस्वरूपी मिळालेलं असतं. तसं असेल तर जुनं टाकायची गरजच नाही. फक्त ट्रायल असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्समध्ये जाऊन ते काढून टाका. दोन्ही राहिली की गोंधळ होतो.

२. काही नवे लॅपटॉप 'एस मोड'मध्ये येतात. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले अ‍ॅप चालतात, सीडीवरचं सेटअप चालत नाही. सेटिंग्ज, सिस्टम, अ‍ॅक्टिव्हेशन इथून एस मोड फुकट काढता येतो. मात्र एकदा काढला की परत लावता येत नाही.

३. नव्या मशीनला सीडी ड्राइव्ह नसेल तर जुन्या मशीनवर सीडीतला सगळा मजकूर एका फोल्डरसह पेनड्राइव्हवर कॉपी करा.

४. सेटअपच्या फाईलवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा.

५. तुमच्याकडे सर्व्हिस पॅक असेल तर तो टाका. २००३ आणि २००७ साठी शेवटचा सर्व्हिस पॅक ३ होता, २०१० साठी २.

६. प्रोग्रॅम अडला तरच त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कॉम्पॅटिबिलिटी' टॅब उघडून विंडोज ७ निवडा. सुरुवातीपासूनच हे लावू नका, चालणारं काम उलट बिघडू शकतं.

७. फाईलवर डबल क्लिक केल्यावर भलताच प्रोग्रॅम उघडत असेल तर राइट क्लिक, 'ओपन विथ' मधून योग्य प्रोग्रॅम निवडा आणि 'ऑलवेज' करा.

मराठी मजकूर बिघडलेला दिसतो, का?

जुन्या कृतिदेव, श्री-लिपी यांसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्याच जागी साठवलेला असतो. फॉन्ट नसेल तर मजकूर खिचडी दिसतो, पण फाईल खराब झालेली नसते. जुन्या मशीनवरून आणलेल्या फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल' केलं की अक्षरं परत दिसतात. म्हणून असली फाईल घाईत 'सेव्ह' करू नका किंवा पुसू नका.

'मंगल' हा फॉन्ट युनिकोडचा आहे. तो विंडोज १० आणि ११ मध्ये सुरुवातीला नसू शकतो. सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' शोधून टाकला की मिळतो, त्यासाठी इंटरनेट लागतं. मराठी टायपिंगसाठी भाषांमध्ये मराठी जोडा. विंडोज आणि स्पेसबार ही बटणं एकत्र दाबली की कीबोर्ड बदलतो.

जुन्या फॉन्टची फाईल मोबाईलवर पाठवली तरी समोरच्याला खिचडीच दिसते. अशी फाईल पीडीएफ करून पाठवा. ऑफिस २००३ मध्ये पीडीएफची सोय नाही, पण विंडोज १० आणि ११ मध्ये प्रिंट देताना प्रिंटरच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' असतो, तो निवडा. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला तर नावं आणि जोडाक्षरं एकेक तपासा. रफार इकडचा तिकडे झाला तर सभासदाचं आडनावच बदलतं.

आणखी कुठे अडतं?

- ऑफिस २००३ ला नव्या प्रकारच्या वर्ड-एक्सेल फाईल थेट उघडता येत नाहीत. पाठवणाऱ्याला 'जुन्या ९७-२००३ प्रकारात सेव्ह करून द्या' असं सांगा.
- एक्सेल २००३ च्या शीटमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, २००७ पासून १०,४८,५७६. मोठी यादी जुन्या प्रकारात सेव्ह केली तर उरलेल्या ओळी गळतात.
- अ‍ॅक्सेस ९७ मधला डेटाबेस अ‍ॅक्सेस २०१३ आणि पुढच्या आवृत्त्यांत उघडत नाही. आधी अ‍ॅक्सेस २०१० सारख्या मधल्या आवृत्तीत तो बदलून घ्यावा लागतो.
- शिक्षकांनी गणिताच्या प्रश्नपत्रिकांसाठी वापरलेलं इक्वेशन एडिटर ३.० सुरक्षेच्या त्रुटीमुळे जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकण्यात आलं. नव्या ऑफिसात जुनी सूत्रं दिसतात, पण त्याने बदलता येत नाहीत.

धोका कुठे आहे?

ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली अनोळखी फाईल जुन्या ऑफिसात उघडू नका. 'मॅक्रो चालू करा' असं फाईलच सांगत असेल तर तिथेच थांबा. 'फुकट अ‍ॅक्टिव्हेट करून देतो' म्हणून कुणी क्रॅक टाकायला आलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्यासोबत व्हायरस येऊ शकतो, आणि ज्या मशीनवर ठेवीदारांचे हिशेब आहेत तिथे हा जुगार परवडत नाही. शक्य असेल तर जुनं ऑफिस असलेलं मशीन इंटरनेटपासून लांबच ठेवा.

दुसरा पर्याय आहे का?

आहे. लिबरऑफिस हे मोफत आणि कायदेशीर सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालतं आणि जुन्या वर्ड-एक्सेल फाईल उघडतं. साधी पत्रं, याद्या, बेरजा यांना ते पुरतं. मॅक्रो लावलेल्या शीट आणि रकान्यांची मांडणी मात्र तपासून घ्यावी लागते. जुने मराठी फॉन्ट त्यालाही लागतातच.

थोडक्यात

नव्या मशीनवर मागच्या वर्षीचा ताळेबंद उघडा, प्रिंट काढा आणि जुन्या छापील प्रतीशी बेरजा जुळवून बघा. दाखल्याचा एक नमुनाही छापून पाहा. सगळं जुळल्यावरही जुना कॉम्प्युटर लगेच भंगारात देऊ नका, एखादं ऑडिट पार पडेपर्यंत तो कपाटाशेजारी राहू द्या. राहिलेली फाईल सापडली तर ती त्याच मशीनमध्ये सापडेल.