गुडघ्यातील प्रकाश

गुडघ्याच्या हाडांची टोके पांढऱ्या, गुळगुळीत कूर्चेने मढविलेली असतात. हाडावर हाड घासू नये म्हणून निसर्गाने केलेली ही योजना होय. परंतु कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे एकदा नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही. विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच प्रतिपादन केले.

पुढील शल्यवैद्यांपुढे पहिली अडचण होती ती पाहण्याची. सांधा उघडल्यावाचून आतील बिघाड कळत नसे. जपानात क्षयाने गुडघा आखडला की रुग्णाला जमिनीवर बसणेही अशक्य होई. अशा रुग्णांचे निदान वेळीच व्हावे म्हणून टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी हे साधन सुधारले आणि १९६२ साली गुडघ्यातील कूर्चेच्या चकतीचा फाटलेला भाग दुर्बिणीतून पाहत काढून टाकला.

याच सुमारास लेसरचा जन्म झाला. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर सिद्ध केला. १९६४ साली तेथील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर निर्माण केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील.

१९८० नंतरच्या दशकात हा लेसर गुडघ्यात शिरला. पण त्याचे किरण पाण्यात शोषले जात. म्हणून सांध्यात नेहमीच्या क्षारजलाऐवजी वायू भरावा लागे. १९९० च्या सुमारास आलेला होल्मियम लेसर बारीक तंतूतून, क्षारजलातही काम करू लागला. शल्यवैद्यांच्या आशा पल्लवित झाल्या.

त्या फार काळ टिकल्या नाहीत. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या कूर्चेखालील हाड मृत झाल्याचे वृत्तान्त त्याच दशकात प्रसिद्ध झाले. दोष उष्णतेचा की किरणांच्या आघाताचा, याविषयी मतभेद राहिले. परंतु अतिउष्णतेने कूर्चेतील पेशी मरतात, हे निश्चित झाले. गुडघ्यातून लेसर बहुतांशी मागे पडला. दरम्यान १९९४ साली स्वीडनच्या वैद्यांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा गुडघ्यात रुजविल्याचे प्रसिद्ध केले.

दुर्बिणीचा प्रकाश मात्र आजही शल्यवैद्यास वाट दाखवीत आहे. जे पुन्हा उगवत नाही त्यावर शस्त्र चालविताना हात आखडता घ्यावा, हाच हंटर यांच्या सिद्धान्ताचा अर्थ. तो कळण्यास मात्र अडीचशे वर्षे लागली.