समाजकार्याची पदवी व संशोधन : मुंबईतील क्रम

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात संशोधन हे पदवीसाठी मागाहून जोडलेले अंग होय, असा समज आढळतो. मुंबईचा इतिहास त्यास पुष्टी देत नाही. १९३६ साली दाट वस्तीच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले, तेव्हा तेथे पदविका मिळे, पदवी नव्हे. तरीही १९४० साली विद्यालयाने 'इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क' हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले. १९४४ साली 'टाटा समाजविज्ञान संस्था' हे नामांतर झाले. स्वतःची पदवी देण्याचा अधिकार अभिमत विद्यापीठ म्हणून १९६४ साली, म्हणजे नियतकालिकानंतर तब्बल चोवीस वर्षांनी लाभला. पदवीचे प्रलोभन नसताना क्षेत्रकार्यातील नोंदी अभ्यासविषय झाल्या, ही गोष्ट प्रबंधिकेचा विषय केवळ ग्रंथालयात शोधणाऱ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावी.