पोटातल्या पिशवीचा भाव

कॅव्हियार, म्हणजे स्टर्जन माशाची खारवलेली अंडी, म्हटले की रशिया आठवतो. पण पालघरच्या किनाऱ्याला अमेरिकेतल्या पांढऱ्या स्टर्जनची गोष्ट जास्त लागू पडते. कोलंबिया नदीत सामन धरणाऱ्यांना हा मासा म्हणजे जाळी फाडणारी पीडा वाटे, सापडला तर फेकून देत. पुढे रेल्वे आणि बर्फामुळे पूर्वेकडची शहरे जोडली गेली, त्याच्या अंड्यांना भाव आला आणि 1892 साली सुमारे 25 लाख किलो मासा निघाला. 1899 पर्यंत हा आकडा 50 हजार किलोंच्याही खाली आला. ज्या जातीच्या मादीला पहिल्यांदा अंडी धरायलाच पंधरा-वीस वर्षे लागतात, त्या जातीला हा वेग झेपणार कसा?

आपल्याकडे हा भाव घोळ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला आहे, आणि तोही आजचा नव्हे. स्टर्जनच्या अशाच पिशवीतून रशियात बिअर-वाइन निवळण्याचे आयसिंग्लास काढत. ते महाग पडे, म्हणून जॉन फोर्ब्स रॉयल यांनी 1842 साली हिंदुस्थानच्या माशांपासून ते करावे, असे सुचवणारी पुस्तिका लंडनला छापली. मुंबईहून वाळवलेल्या पिशव्या चीनला जातच होत्या. 2021 च्या ऑगस्टअखेर पालघरमधल्या मुरबे गावच्या एका बोटीला दीडशेहून अधिक घोळ मिळाले आणि सव्वा कोटीहून जास्त रक्कम आली, ती मुख्यतः या पिशव्यांच्या जोरावर.

माझे म्हणणे इतकेच, की माशाची किंमत मांसावर न ठरता एका अवयवावर ठरली की बाजाराचा लगाम सुटतो. बोंबील विरळ झाला तर डिझेलचा खर्च निघत नाही, नाखवा आपोआप दुसरीकडे वळतो. घोळ विरळ झाला तर मात्र एकाच माशासाठी दर्यात जाणे परवडते. यावर कोणी म्हणेल, खरा नाश ट्रॉलरने आणि बारीक आसाच्या जाळ्यांनी केला. ते खरेच आहे. पण त्या जाळ्यांत पिल्ले मरतात, तर पिशवीचा भाव मोठे मासे उचलतो, त्यातही नर, कारण त्याची पिशवी अधिक महाग. म्हणूनच किमान आकाराचा नियम इथे अर्धाच कामाचा: तो पिल्लांना वाचवतो, थोरांना नाही. स्टर्जनपालनाने कॅव्हियारची सोय झाली, हाही दाखला देतात. कॅलिफोर्नियाने मात्र 1917 सालीच स्टर्जनची व्यापारी मासेमारी बंद केली होती. पालनाची तळी नंतर कित्येक दशकांनी आली. गुजरातने 2023 मध्ये घोळला राज्यमासा केले, पण त्या मानामुळे एकही जाळे दर्यातून मागे घेतले गेलेले नाही.