गाण्यापर्यंत यंत्र पोचेपर्यंत

एडिसनने १८७८ साली आपल्या फोनोग्राफचे उपयोग मोजून दाखवले, त्यांत घरच्या माणसांचे आवाज जपणे हाही एक होता. मरणाऱ्याचे अखेरचे शब्दसुद्धा त्याने त्यात धरले होते. पुढे आलेला मेणाच्या नळकांड्यांचा फोनोग्राफ आवाज टिपूनही घेई आणि वाजवूनही दाखवी. बाजारात मात्र जिंकली ती तबकडी, आणि तबकडीचा ग्रामोफोन फक्त वाजवायचा. टिपून घेणे कंपनीकडे गेले, घराच्या वाट्याला ऐकणे उरले. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली की आज गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या गावी कोणी दार लावून मोबाइलवर स्वतःचे गाणे रेकॉर्ड करू लागले की ते नवे खूळ वाटते. मला ते तसे वाटत नाही. तबकडी आल्यापासून कॅसेट येईपर्यंतची वर्षे हाच खरा अपवाद होता, आणि त्याची झळ अशा आडबाजूच्या जिल्ह्यांना अधिक बसली.

आडबाजूचे म्हणताना जरा थांबावे लागते, कारण गोंदिया काही रानात लपलेले नव्हते. बंगाल-नागपूर रेल्वेने एकोणिसाव्या शतकातच ते कलकत्त्याच्या वाटेवर आणून ठेवले आणि इथला तांदूळ तिने दूरदूर नेला. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९०८ पासून त्याच कलकत्त्यात होता. म्हणजे अडचण अंतराची नव्हती. तबकडी काढायची तर तिला गिऱ्हाईक हवे, आणि झाडीबोली किंवा पवारी या इथल्या बोलींतल्या गाण्याला तेवढे गिऱ्हाईक मिळेल असे कोणाला वाटणार? नागपूर आकाशवाणी १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, तेव्हा यंत्र सव्वाशे किलोमीटरवर आले. पण तिथेही आवाजाची चाचणी, ठरलेली वेळ, ठरलेली भाषा हे सगळे होतेच. त्याआधी ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भाषा-सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात ध्वनिमुद्रणे झाली. ९७ भाषा-बोलींचे २४२ नमुने घेतले गेले आणि त्यांत गाणीही आली. तरी तिथेसुद्धा काय टिपायचे हे सरकार ठरवी. बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट बोलीबोलीतून वदवून घेणे हा त्या कामाचा मुख्य भाग होता.

यावर पहिला आक्षेप असा की या भागाचे, म्हणजे झाडीपट्टीचे, गाणे मुळात एकट्याचे नाहीच. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये चालतात. आषाढ-श्रावणात चिखलात ओळीने वाकलेल्या बाया रोवणीची गाणी म्हणतात. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. मग एकट्याने, बंद खोलीत? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. घरातले एकटीचे गाणे महाराष्ट्रात जात्यावर होते, आणि भातखाऊ गोंदियातही डाळ भरडायला, पीठ काढायला जाते लागेच. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी १९८० नंतर पुण्याहून काम करून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या हजारावर गावांतल्या बायकांच्या. कोणी ऐकावे म्हणून त्या रचलेल्याच नव्हत्या. भावाची वाट, सासरचा जाच, विठ्ठलाशी भांडण हे सारे पहाटेच्या अंधारात दगडाशी बोललेले. त्या संग्रहाचा मोठा भाग पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्याचा आहे. पूर्व विदर्भातल्या ओव्यांना एवढा मोठा संग्राहक मिळाला नाही, म्हणून त्या नव्हत्याच असे म्हणणे म्हणजे संग्राहकाच्या वाटेलाच नकाशा समजणे.

कॅसेटने वाटणी मोडली. फिलिप्सने ती १९६३ साली आणली, आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात घरोघर गेली. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणे एकदम दाबली की झाले. परवानगी कोणाची नको, चाचणी नको. कॅसेटच्या कडेची चिमुकली पट्टी मोडून ठेवली नाही तर तिच्यावर पुढे सिनेमाची गाणी चढायची, हा भाग वेगळा. त्याच काळात, १९८२ साली, अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘नेब्रास्का’ हा अख्खा अल्बम घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकट्याने केला आणि तो तसाच बाजारात गेला. तिथे ती प्रसिद्ध कलावंताची निवड ठरली. आपल्याकडे तेच काम करणाऱ्याला हौशी म्हटले गेले. दुसरी मोठी उडी गोंदियाच्या पूर्वेच्या शिवेपलीकडे पडली. छत्तीसगडात २०१० साली सुरू झालेल्या सीजीनेट स्वर या उपक्रमात साध्या फोनवरून बातमी सांगता येई, गाणेही म्हणता येई, गोंडीतूनसुद्धा. आकाशवाणीवर जिला फारशी जागा मिळत नव्हती त्या भाषेला टॉवरची रेंज पुरली.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: एकट्याचे रेकॉर्डिंग गाण्याभोवतीचे सगळे कापून टाकते. हे मी मान्य करतो, फक्त दोष एकटेपणाचा नाही. मोबाइलमधली गोंगाट गाळायची सोय बोलण्यासाठी केलेली असते. एकसुरी, न थांबणारा आवाज तिला कचरा वाटतो. जात्याची घरघर नेमकी तशी, पेटीचा धरलेला सूरही तसाच. म्हणजे कोणी आज खरोखर जात्यावर बसून ओवी म्हटली तर यंत्र ओवी ठेवील आणि जाते पुसायला बघेल. ही सोय बंद करता येते, पण आहे हे ठाऊक असायला हवे. खोलीचेही तसेच. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून घुमतो. धानाची पोती रचलेल्या मातीच्या खोलीत तो घुमत नाही. स्टुडिओवाले पैसे मोजून जे करतात ते सुगीनंतर इथे आपसूक झालेले असते.

राहिला दर्जाचा प्रश्न: कोणीही उठून गाऊ लागले तर निवडायचे कोणी? पूर्वीची निवड गाण्याचा कस पाहून झाली नव्हती, बाजार आणि भाषा पाहून झाली होती, तेव्हा तिच्यासाठी गळा काढण्यात अर्थ नाही. खरी उणीव दुसरीच आहे. कलकत्त्यात १९०२ साली तबकडीसाठी गाताना गायिका गौहर जान शेवटी स्वतःचे नाव सांगे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला निघत आणि तिथल्या कामगारांना कोणती कोणाची हे कळावे, म्हणून असे सांगितले जाते. सीजीनेटवर बोलणारेही आधी नाव, गाव, जिल्हा सांगत. घरच्या मोबाइलवरच्या गाण्याला मात्र नाव म्हणून तारीख आणि आकडे चिकटतात. ते चार जणांकडे फिरले की कोणत्या तालुक्यातले, कोणाकडून शिकलेले, रोवणीचे की लग्नातले, काहीच उरत नाही. गाण्याआधी एवढे बोलून ठेवायला दहा सेकंदही लागत नाहीत.