स्वातंत्र्याच्या मशाली आणि तंबाखूचे व्यापारी

स्त्रियांच्या हक्कांच्या इतिहासात सभा, मोर्चे आणि मिरवणुका पुष्कळ झाल्या. त्यांत एक मिरवणूक अशी आहे की, तिच्या मागे एका सिगारेट कंपनीचा पैसा होता आणि पाहणाऱ्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. ती हकीकत आपल्या सभासद भगिनींना सांगावी म्हणून हा लेख.

३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. चर्चमधील प्रार्थना आटोपल्यावर नवे पोशाख घालून न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर फिरावयाचे, अशी तेथील सधन लोकांची चाल होती. त्या गर्दीत काही तरुण स्त्रिया भर रस्त्यात सिगारेटी ओढीत चालल्या. त्यांच्यापैकी बर्था हंट या बाईंनी बातमीदारांना सांगितले की, एका गृहस्थाने रस्त्यात आपल्याला सिगारेट विझवावयास सांगितले, तेव्हा ही कल्पना सुचली. या सिगारेटी म्हणजे स्वातंत्र्याच्या मशाली होत. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमी आली. बर्थाबाई एडवर्ड बर्नेझ नावाच्या प्रसिद्धी-सल्लागाराच्या कचेरीत चिटणीस होत्या आणि बर्नेझ हे ‘लकी स्ट्राईक’ छापाच्या सिगारेटी काढणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीचे काम करीत होते. या दोन्ही गोष्टी मात्र बाईंनी सांगितल्या नाहीत.

हे सोंग खपले कसे, हे कळण्यास थोडे मागे जावयास हवे. १९०८ साली न्यूयॉर्क शहराच्या कारभाऱ्यांनी सार्वजनिक जागी स्त्रियांना धूम्रपान करू देण्यास मनाई करणारा ठराव केला होता. केटी मल्केही या स्त्रीला त्याखाली अटक होऊन ५ डॉलर दंडही झाला. मेयरने पुढे तो ठराव नामंजूर केला, तरी लोकांची नजर बदलली नव्हती. १९२० साली घटनादुरुस्ती होऊन अमेरिकन स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. मत द्यावयास लायक ठरलेल्या बाईला रस्त्यात सिगारेट ओढण्याची मात्र चोरी! पुरुषाला जे खुशाल चालते, ते स्त्रीने केले की तिच्या शीलावर बोट, हा अन्याय खरा होता. खरा होता म्हणूनच व्यापाऱ्यांना त्याचा उपयोग करून घेता आला.

कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांचा हिशेब सरळ होता. लोकसंख्येतील निम्मे गिऱ्हाईक अद्याप हाती यावयाचे होते. १९२८ साली त्यांनी सुरू केलेल्या जाहिरातीचा आशय असा की, गोड खावेसे वाटले तर त्याऐवजी सिगारेट उचला, म्हणजे बांधा सडपातळ राहील. मिठाईवाले यावर खवळले, पण विक्री वाढली. त्याच वर्षी विमानातून अटलांटिक ओलांडणाऱ्या अमेलिया इअरहार्ट यांचेही नाव याच छापाच्या जाहिरातीत झळकले. विमानात त्या सिगारेटी होत्या, असे ती जाहिरात सांगे. बाई स्वतः धूम्रपान करीत नव्हत्या, हे सांगण्याची जाहिरातदाराला काय गरज?

बर्नेझ हे सिग्मंड फ्रॉईड यांचे भाचे. स्त्रियांच्या मनात सिगारेटीविषयी काय असते, हे त्यांनी ए. ए. ब्रिल या मनोविश्लेषकाला विचारले, आणि ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ हे शब्द तेथून आले. मग पद्धतशीर तयारी झाली. उच्चभ्रू घराण्यांतील मुलींना तारा गेल्या. या आवाहनामागे नाव होते रूथ हेल यांचेही, म्हणजे स्त्री-हक्कांच्या एका नामांकित पुरस्कर्तीचे. चालणाऱ्या मुली दिसावयास चांगल्या हव्यात, पण जाहिरातीतल्या पुतळ्यांसारख्या नकोत, अशीही सूचना होती. लग्नाची मुलगी पाहावयास येणारेसुद्धा इतकी चिकित्सा करीत नसतील.

या एका मिरवणुकीने अमेरिकेतील स्त्रिया सिगारेट ओढू लागल्या, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते मला पटत नाही. चालणाऱ्या स्त्रिया फार तर दहा-बारा होत्या, आणि शहरांतल्या कित्येक तरुणी त्याआधीच सिगारेट ओढू लागल्या होत्या. ही कीर्ती बऱ्याच अंशी बर्नेझ यांनीच १९६५ सालच्या आपल्या आत्मचरित्रातून पसरविली. जाहिरातवाल्याने स्वतःची जाहिरात केली, इतकेच. पण त्या दिवशी त्यांनी जी युक्ती शोधली, ती टिकली. माल विकावयाचा, पण मालाचे नाव घ्यावयाचे नाही. स्त्रियांच्याच तोंडून, स्त्रियांच्याच चळवळीच्या भाषेत तो विकावयाचा.

१९३४ सालची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. लकी स्ट्राईकचे पाकीट हिरवे होते, आणि ते आपल्या कपड्यांना शोभत नाही म्हणून स्त्रिया ते घेत नाहीत, असे आढळून आले. हिल पाकिटाचा रंग बदलावयास तयार होईनात. तेव्हा बर्नेझ यांनी हिरव्या रंगाचीच फॅशन आणावयाचे ठरविले. वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात थाटाचा ‘ग्रीन बॉल’ झाला. उत्पन्न स्त्रियांच्या एका रुग्णालयाला, आणि यजमानीण श्रीमती व्हँडरलिप, मताधिकाराच्या चळवळीत नाव मिळविलेल्या. खर्चाचे २५ हजार डॉलर कोणा अनामिक दात्याने दिले होते. पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडलेल्या आपल्या भगिनींना असा दाता भेटला असता, तर किती जणींनी खोदून चौकशी केली असती?

बर्नेझ यांच्या पत्नी डोरिस फ्लीशमन या लग्नानंतरही माहेरचे नाव चालविण्याचा आग्रह धरणाऱ्या, आणि त्या नावाने पासपोर्ट मिळविणाऱ्या पहिल्या विवाहित अमेरिकन स्त्रियांपैकी एक. त्यांना सिगारेटची सवय होती. बर्नेझ घरात त्यांच्या सिगारेटी शोधून मोडून टाकीत, असे त्यांच्या चरित्रकाराने नमूद केले आहे.

१९६४ साली अमेरिकन सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी धूम्रपान हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण असल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी तेथील प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ३४ टक्के धूम्रपान करीत होत्या. आणि १९६८ साली खास स्त्रियांसाठी ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ ही बारीक सिगारेट बाजारात आली! तिच्या जाहिरातीत एका बाजूस चोरून सिगारेट ओढल्याबद्दल शिक्षा भोगणारी जुन्या काळची स्त्री, आणि दुसऱ्या बाजूस आजची मोकळी तरुणी. १९७० साली बिली जीन किंग आदी नऊ टेनिसपटूंनी वेगळी स्पर्धा भरविली, कारण दुसऱ्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि स्त्रीला १,५०० असा न्याय होता. या नऊ जणींच्या पाठीशी पैसा कोणी उभा केला? याच सिगारेटीच्या कंपनीने. त्या खेळाडूंना दोष देणे मला जमत नाही. इतर दारे बंदच होती. परंतु १९७१ साली दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती कायद्याने बंद झाल्यानंतरही स्पर्धेच्या नावाने तो छाप घरोघर दिसत राहिला. या सिगारेटी बाजारात आल्या त्या वर्षांत १८ वर्षांखालील मुलींत धूम्रपानाला सुरुवात करण्याचे प्रमाण झपाट्याने वाढल्याचे १९९४ साली संशोधकांनी दाखविले. १९८७ पासून तर अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या स्तनाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांहून जास्त झाली.

आपल्याकडे सिगारेट ओढणाऱ्या बायका थोड्या. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशातील दर शंभर स्त्रियांत चौदा जणी तंबाखू वापरताना आढळल्या. त्यांतल्या बहुतेक चघळणाऱ्या किंवा दातांना लावणाऱ्या. मशेरीला जाहिरात लागली नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून ती सकाळी दातांना लावावयाची, हे सून सासूपाशी आणि मुलगी आईपाशीच शिकली. तेव्हा सारा दोष जाहिरातीच्या माथी मारता येत नाही, हेही खरे.

तंबाखूच्या जाहिरातींना २००३ च्या कायद्याने बंदी झाली, आणि महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावरही. त्यानंतर तीच नावे वेलदोड्याच्या आणि पानमसाल्याच्या पुड्यांवर आली, नामांकित नटांच्या हसऱ्या चेहऱ्यांसह. गणेशोत्सवातल्या रस्त्यावरील कमानीवरही ती असतात, आणि आईचे बोट धरून मंडपात निघालेले पाच-सहा वर्षांचे मूल ते नाव अक्षर लावून मोठ्याने वाचते.