अडकलेली कात

भोपाळ शहराच्या उत्तरेस बेरसियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या करोंदच्या वाट्याला राजेरजवाड्यांचा इतिहास फारसा आलेला नाही. ज्या बेरसिया परगण्याचा इजारा मिळवून दोस्त महंमद खानाने अठराव्या शतकाच्या आरंभी भोपाळच्या नबाबीचा पाया घातला, त्या परगण्याची वाट येथून जाते, एवढीच त्याची ऐतिहासिक मिरास. आज करोंदची ओळख आहे ती तेथील धान्याच्या मंडीमुळे. परंतु जेथे गव्हाच्या राशी पडतात तेथे उंदीर येतात आणि उंदरांमागोमाग धामण व नाग येतात, हा दस्तूर कोणत्याही सरकारी दफ्तरात नोंदलेला नसला तरी नबाबीपेक्षा कितीतरी जुना आहे. आणि म्हणून सापाला हाताळणाऱ्या, बाळगणाऱ्या आणि कधी त्याच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या माणसांची कैफियत लिहावयास असे धान्याचे ठाणे मुळीच गैर नाही.

त्या दुखण्यांपैकी एकाचाच येथे विचार करावयाचा आहे, आणि ते म्हणजे कात नीट न सुटणे. सापाच्या अंगावर जुन्या त्वचेखाली नवी त्वचा तयार होऊ लागली की दोहोंच्या मध्ये पातळ लसीसारखा द्रव उतरतो. साप निस्तेज दिसू लागतो, त्याच्या डोळ्यांवर दुधी-निळसर झाक येते, तो खाणे सोडतो आणि आडोशाला पडून राहतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात, आणि त्यानंतर लवकरच तो ओठांची कड एखाद्या दगडावर वा काटेरी झुडपावर घासून कातीचे तोंड मोकळे करतो व अंगरख्याची बाही उलटावी तशी ती सबंध उलटवून तीतून बाहेर पडतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर जे पारदर्शक आवरण असते तेही कातीबरोबर निघते. रानातल्या निरोगी सापाला या सर्व कर्मात कोणाच्याही साहाय्याची गरज पडत नाही, कारण दगड, झुडूप, ओली बिळे आणि दहिवर यांचा बंदोबस्त सृष्टीनेच केलेला असतो. कात तुकड्यातुकड्यांनी निघणे, शेपटीच्या टोकाशी तिचे कडे आवळून रक्ताभिसरण थांबणे, डोळ्यांवर जुनी आवरणे तशीच राहणे, हे प्रकार रानात जखमी वा रोगी सापाच्याच वाट्याला येतात आणि पेटाऱ्यात मात्र नित्याचे होऊन बसतात. अडकलेली कात ही बहुतांशी बंदिवासाची व्याधी आहे. तिचा इतिहास लिहू गेल्यास तो सापाचा न होता त्याला कोंडणाऱ्या माणसाचा होतो.

प्राचीनांनी हे कर्म बारकाईने पाहिले होते. बृहदारण्यक उपनिषदात देहत्यागासाठी जो दृष्टान्त योजला आहे तो वारुळावर टाकून दिलेल्या निर्जीव कातीचा आहे. सुश्रुताने तर तिला औषधिद्रव्यांत स्थान दिले, आणि प्रसूती अडली असता कृष्णसर्पाच्या कातीची धुरी देण्यास सांगितले. जी वस्तू सहज सुटून येते तिच्या धुराने अडलेलेही सुटावे, असा काहीसा तर्क त्यामागे असावा. सुश्रुतसंहितेच्याच कल्पस्थानात कोणते साप अल्पविष समजावेत याची जी गणना आहे तीत बाल, वृद्ध, कृश, मुंगसाने भ्यालेले यांच्याबरोबर नुकतीच त्वचा टाकलेले सापही आहेत. कातीचा आणि विषाच्या मात्रेचा असा संबंध आज कोणी मानीत नाही, आणि मानून सापाजवळ जाणे जिवावर बेतेल. तथापि कात टाकलेला साप ओळखून त्याची वेगळी नोंद करणारा मनुष्य सापांच्या निकट वावरणारा होता, हे त्यावरून निश्चित होते. तो मनुष्य वैद्य होता की वैद्याला माहिती पुरविणारा गारुडी होता, हे ग्रंथावरून कळत नाही. गारुड्याला संस्कृत वाङ्मयात जागा मिळाली ती निराळ्याच कामासाठी: ‘मुद्राराक्षसा’त अमात्य राक्षसाचा हेर विराधगुप्त हा जीर्णविष नावाच्या गारुड्याच्या वेषात येतो. कोणाच्याही दारात निःशंक जाता येणारा आणि ज्याची पेटारी उघडून झडती घेण्यास कोणी धजणार नाही असा इसम म्हणून नाटककाराने ही निवड केली असणार, आणि ती मार्मिकच म्हणावी लागेल.

मध्य प्रदेशात हा धंदा करणारे सपेरे व कालबेलिये सरकारी अनुसूचीत नटांबरोबर एकाच नोंदीत घातलेले आहेत, आणि कालबेलिये आपली गुरुपरंपरा कानिफनाथांपर्यंत नेतात. ज्या कानिफनाथांची समाधी अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातील मढी येथे आहे, तेच हे. म्हणजे १९५६ साली राजधानी नागपूरहून हलली तेव्हा सचिवालयाच्या दफ्तरांबरोबर भोपाळला आलेल्या मराठी कुटुंबांच्या दारी नागपंचमीस जो सपेरा पुंगी घेऊन उभा राही, तो नाथपंथाच्या नात्याने त्यांना वाटे त्याहून पुष्कळच जवळचा होता.

त्याच्या विद्येविषयी मात्र भाबडेपणाने लिहिण्यात अर्थ नाही. साप कोठे सापडेल, तो कसा धरावा, त्याचा कल केव्हा कसा असतो, याचे त्याचे ज्ञान पिढीजात आणि अस्सल होते. परंतु त्याचे पोट सापाच्या आरोग्यावर अवलंबून नव्हते, तर खेळावर होते. विषदंत उपटलेला, कधी तोंड शिवलेला आणि नागपंचमीच्या आधी दुधाला तोंड लावावे म्हणून तहानेला ठेवलेला नाग बांबूच्या कोरड्या पेटाऱ्यात वेटोळे करून पडे, आणि ज्या ओलाव्यावाचून जुनी व नवी त्वचा विलग होत नाही तोच त्याला मिळत नसे. डोळ्यांवर जुन्या आवरणांचे थर साचलेला नाग प्रेक्षकांना अधिकच शांत व आज्ञाधारक भासत असला पाहिजे. साप निकामी झाला की दुसरा धरावा, हा हिशेब सोपा होता. ज्याला बदली सहज मिळतो त्याची शुश्रूषा करण्याची विद्या वाढत नाही.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची रीत याहून भिन्न होती. तेथील आख्यायिकेप्रमाणे मातीचा नाग पूजणाऱ्या गृहिणीला गोरक्षनाथांनी जिवंत नाग पूजण्यास सांगितले, आणि तेव्हापासून गावकरी नागपंचमीपूर्वी नाग धरून आणीत, दात न काढता मडक्यात ठेवीत, सणानंतर पुन्हा रानात सोडीत. मिरवणुकीची दगदग आणि गर्दीचा गोंगाट सापाला हितावह होता असे कोणी म्हणणार नाही, आणि न्यायालयाच्या आदेशांनी त्या प्रथेला बंध पडला तो योग्यच झाला. पण श्रावणातील दमट हवा, मातीचे मडके आणि थोड्या दिवसांचा मुक्काम एवढ्या गोष्टी तरी त्या नागाच्या बाजूने होत्या.

सापाला दीर्घकाळ निरोगी ठेवण्याची निकड प्रथम भासली ती प्रयोगशाळेला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली आलेल्या प्लेग प्रयोगशाळेत, जिला १९२५ पासून हाफकिन संस्था हे नाव मिळाले, कॅप्टन जॉर्ज लॅम्ब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नागाच्या व घोणसाच्या विषाचा अभ्यास केला. आणि ज्याचे विष पुनःपुन्हा काढावयाचे तो साप जगला पाहिजे, हा नवा हिशेब तेथे सुरू झाला. त्याच सुमारास फ्रँक वॉल यांची भारतीय सापांवरील सचित्र लेखमाला मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागली. पुढे हाफकिनमधील डॉ. पी. जे. देवरस यांनी १९६५ साली भारतीय सापांवरील पुस्तक लिहून हे ज्ञान सामान्य वाचकापर्यंत आणले. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसह ७२ तास काढले, आणि १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. साहस लोकांच्या ध्यानात राहिले. पण पिंजऱ्यात ओलावा राखणे, खरखरीत दगड वा लाकूड ठेवणे, अंग बुडविता येईल असे पाण्याचे भांडे देणे, ही सर्पोद्यानांतील नित्याची कामे मला त्या साहसाइतकीच महत्त्वाची वाटतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या इतिहासाला वळण दिले. नाग, धामण, अजगर यांना घरी बाळगणे गुन्हा ठरला, सपेऱ्याचा धंदा बेकायदा झाला, आणि भोपाळच्या रहिवाशाने साप पाहावा तो वनविहारातील सर्पोद्यानात, अशी व्यवस्था झाली. परंतु मनुष्याची हौस कायद्याच्या कलमांत मावत नाही. आफ्रिकेतील बॉल पायथनसारखे परदेशी साप शहरांतल्या हौशी घरांत शिरले, २०२० साली अशा प्राण्यांची स्वेच्छेने नोंद करण्याची सवलत केंद्र सरकारने दिली, आणि २०२२ च्या दुरुस्तीने ती नोंद कायद्यात आली. वैशाख-ज्येष्ठात जेथे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा करपून कोरडी होते, अशा भोपाळच्या मुलखात काचेच्या पेटीतल्या या पाहुण्याची कात अडकली नाही तरच नवल.

त्यावरील उपाय सांगण्यास अवघड नाहीत, पाळण्यास आहेत. डोळे दुधी झालेल्या सापाला हात लावू नये. पेटीत ओलसर शेवाळ भरलेला आडोसा ठेवावा. कात अडकलीच तर उथळ, कोमट पाण्यात साप डोळ्यांदेखत काही वेळ ठेवून मग ओल्या फडक्यातून त्याला स्वतःच सरकू द्यावे. शेपटीचे टोक विशेष तपासावे, कारण तेथले कडे राहिले तर टोक वाळून झडते. डोळ्यावरचे आवरण नखाने वा चिमट्याने काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा व पशुवैद्याकडे जावे. खालचे नवे आवरण फाटले तर डोळाच जातो. आणि हे वारंवार होत असेल तर गोचिडीसारखे बारीक किडे, जुनी जखम किंवा उपासमार यांचा तपास करावा. या सर्व तपशिलात संयमाहून मोठे औषध नाही, आणि नेमके तेच हौशी मनुष्याजवळ कमी असते.

जुन्या सर्पविद्येचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. तमिळनाडूत इरुळा जमातीच्या सर्पग्राहकांची सहकारी संस्था १९७८ साली स्थापन झाली. तेथे परवान्याने धरलेला साप मातीच्या मडक्यात काही आठवडे राहतो, त्याचे विष काही वेळा काढले जाते आणि मग त्याला सोडून देतात. सोडण्यापूर्वी पोटावरच्या खवल्यांना खूण करतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा धरला गेल्यास ओळखू यावा. काही वेळा कात टाकून झाल्यावर ती खूण नाहीशी होते, आणि तोवर सापालाही पुरेशी विश्रांती मिळालेली असते. माळव्यातील आणि भोपाळ इलाख्यातील सपेऱ्यांना कायद्याने धंदा सोडावयास लावला, पण असे दुसरे काम त्यांच्या हाती दिले नाही. आता करोंदच्या एखाद्या गोदामात धामण निघाली की हमाल सर्पमित्राला दूरध्वनी करतात. तो बहुधा शहरातला एखादा हौशी तरुण असतो, आणि साप धरण्याची जी रीत त्याने सर्पोद्यानात वा चित्रफितींवरून शिकलेली असते, ती सपेऱ्याच्या घरी मुलाला चालण्याबरोबरच येत असे.