गप्प आणि गप्पा

आमच्या घरात सून आली ती कानपूरची. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिला गावी नेलं, तेरणेच्या काठी, आजीला भेटवायला. दुपारची वेळ. ओसरीवर पोरांचा कालवा चाललेला आणि आजी वाकळ शिवत बसलेली. सुई बोटात गेली तशी ती कावली. "गप बसा की रे! काय कलकल करायलाव?" पोरं पांगली. सून मात्र हसत आली, आजीपुढं मांडी घालून बसली आणि कानपूरच्या गोष्टी सांगायला लागली. म्हातारीनं गप मारायला बोलावलंय, असं तिला वाटलं होतं. तिच्या हिंदीत गप म्हणजे बोलणं, तेही फुरसतीचं. आजीनं थोडा वेळ तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला म्हणाली, "हिला गप म्हणलं तर ही बोलायलीय!"

तोवर हा घोळ माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता. गप्प बसायचं आणि गप्पा मारायच्या. मध्ये फक्त एक काना. एका शब्दानं तोंड मिटतं, दुसऱ्यानं उघडतं, आणि आपण दोन्ही एका दमात वापरतो: आधी गप्प बसून जेवा, मग काय त्या गप्पा मारा. कुणाचाही गोंधळ होत नाही. नुसतं 'गप' म्हटलं तरी कुठलं ते आवाजावरून कळतं.

दोघांचं कूळ मात्र वेगळं. गप्पांचं मूळ गाव फारसी. तिकडं 'गप' म्हणजे बोलणं, संभाषण. हा शब्द आमच्याकडं कुठून आला हे विचारायला लांब जायला नको. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर मलिक अंबरनं निजामशाहीची गादी परंड्याला मांडली होती. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून पाणीमहाल बांधला तो इब्राहिम आदिलशहाच्या काळात. या किल्ल्यांत हुकूम फारसीत; मग चावडीवरच्या गोष्टी तरी किती दिवस निव्वळ देशी राहणार? मराठीत आल्यावर या शब्दाची एक गंमत झाली. एकवचनी गप म्हणजे थाप. त्यानं गप ठोकली म्हणजे तो खोटं बोलला. तिचं अनेकवचन झालं की मात्र तिचा सगळा दोष जातो. एक गप म्हणजे लबाडी आणि रात्रभर गप्पा म्हणजे सुख, असा हा हिशेब आहे.

मुकाट बसवणारा गप्प मला घरचा वाटतो. घास गपकन तोंडात टाकला, पोरानं आंब्याच्या फोडी गपागप संपवल्या, या बोलण्यातला 'गप' हा दोन जबडे मिटल्याचा आवाज आहे. गप्प बसणं म्हणजे तो आवाज झाल्यानंतरची स्थिती. तोंड मिटलंय, आणि आत काहीतरी आहे.

या 'आत काहीतरी'वर माझा भर आहे. मराठी माणूस गप्प राहतो तेव्हा त्याचं तोंड रिकामं नसतं. तो अपमान गिळतो, राग गिळतो, आलेला शब्द गिळतो, आवंढा गिळतो. काहीच नसलं तर मूग गिळतो. हेच कडधान्य का, तूर का नाही, हरभरा का नाही? आमच्याकडं मूग मृगात पेरायचे आणि पोळ्याच्या आगंमागं शेंगा तोडायच्या. आता सोयाबीननं ती रानं बळकावली. लहानपणी खळ्यावर मी ही म्हण करून बघितली होती. मूठभर कोरडे मूग तोंडात घेतले. चावायला कडक, गिळायला जास्त, आणि ओठ जरा विलग केले की दाणे हनुवटीवरून खाली. चुलता विचारत होता, पाट्या कुठं ठेवल्यास? मला उत्तर माहीत होतं आणि देता येत नव्हतं. म्हणीचा अर्थ त्या दिवशी कळला, शिव्याही मिळाल्या.

कुणी म्हणतं, हे मूग धान्यातले नव्हेतच. संस्कृत 'मूक'चा क मऊ पडून मूग झाला, जसा शाकाचा साग आणि काकाचा काग झाला. वाचताना हे पटतं. पण खळ्यावरची गोष्ट आठवली की मी पुन्हा धान्याच्या बाजूला जातो.

मूक आणि मुका यांचं नातं तर उघडच आहे. मुक्याचे नातलग पार युरोपात आहेत. लॅटिनमध्ये मुक्याला 'मूतुस' म्हणतात. इंग्रजीत गप्प राहण्याला 'मम' असा एक शब्द आहे. तिथल्या लिखाणात तो चौदाव्या शतकापासून सापडतो, आणि त्याची सगळी व्युत्पत्ती त्याच्या उच्चारातच आहे. म्हणून बघा: ओठ मिटून सुरुवात, ओठ मिटून शेवट. मिटल्या ओठांतून जेवढा आवाज निघू शकतो तेवढाच तो शब्द. आईला ते लोक मम म्हणतात तो दुसरा, लेकराच्या तोंडातला. आपल्याकडं लेकरू 'मंमं' म्हणतं ते आईला नाही, जेवणाला. मागणीचा शब्द आणि गप्प बसण्याचा शब्द एकाच ओठांच्या एकाच हालचालीतून निघावेत, हे आजीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग काय, तोंड एकच हाय की. आणि मराठीत मुका म्हणजे न बोलणारा, तसा गालाचा घेतात तोही मुकाच. तिथंही बोलणं बंद ठेवावं लागतं.

फारसीतून आलेल्या सगळ्याच शब्दांना आम्ही उलटंपालटं केलं असं दिसतं. 'गुमान' म्हणजे मुळात शंका, अटकळ. उत्तरेकडं तो गर्वही झाला. आमच्याकडं गुमान म्हणजे मुकाट्यानं. "गपगुमान चल" असं बापानं म्हटलं की त्यात ना शंकेला जागा ना गर्वाला. सगळ्यात नवल 'जबानबंदी'चं. शब्दश: जिभेला बांधणं. वाटतं, तोंडाला कुलूप लावल्याचा हुकूम असेल. पण जुन्या कचेरीच्या भाषेत जबानबंदी म्हणजे साक्षीदाराचं बोलणं लिहून घेणं. जीभ कागदावर बांधली की नंतर फिरवता येत नाही, असा तो बंदोबस्त. गप्पपणाचं सोंग घेऊन आलेला हा बोलण्याचा शब्द.

खरी तोंडाला कुलुपं लागली ती निजामाच्या गश्तीनं. गश्ती म्हणजे परिपत्रक. ५३ नंबरची गश्ती निघाली आणि परवानगीशिवाय सभा घ्यायची सोय राहिली नाही. ज्या भागात कोर्टकचेरी उर्दूत, शिक्षण उर्दूत, तिथं मराठीला उरलं होतं ते देऊळ, कीर्तन, घर आणि मूठभर खासगी शाळा. लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याला १९२१ मध्ये निघालेली राष्ट्रीय शाळा त्यातलीच एक. तिथले मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर यांनी १९३२ मध्ये हिप्परग्यालाच संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्याशानं मौन धरावं अशी आपली समजूत. हा संन्यासी पुढं स्टेट काँग्रेसचा पुढारी झाला आणि १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची सत्ता संपेपर्यंत बोलत राहिला, तुरुंगातून आणि तुरुंगाबाहेरून. निजामाची सत्ता गेली तरी आमच्या जिल्ह्याच्या पाट्यांवर उस्मानाबादच राहिलं. म्हाताऱ्यांच्या तोंडी धाराशिवच. पाटीवर धाराशिव यायला २०२३ उजाडलं.

मौन हा शब्द मी मुद्दाम मागं ठेवला. तो या मिटल्या ओठांच्या भावकीतला वाटतो, पण नाही. मौन आलं मुनीपासून. शुचिपासून शौच, तसं मुनीपासून मौन. शौचाचा अर्थ शुद्धता होता हे आता कुणाला सांगितलं तर हसतील. मौनाचाही अर्थ असाच आक्रसला आहे. मौन म्हणजे मुनीपण. त्यात गप्प राहणं हा एक भाग. तोंड मिटलं की मौन झालं, हे त्या शब्दाला मान्य नाही.

हे कुठं बघायचं तर कुंथलगिरीला. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचं हे निर्वाणस्थान, जैनांचं सिद्धक्षेत्र, आमच्याच जिल्ह्यातलं. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये इथंच सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. त्याआधी दहा दिवस, अन्न सुटलेलं असताना, त्यांनी अखेरचा उपदेश केला तो मराठीत. जैन परंपरेत बोलणं आवरण्याला वचनगुप्ती म्हणतात. मन, वचन आणि काया अशा तीन गुप्ती. गुप्ती म्हणजे राखण. पिकाची राखण करावी तशी बोलण्याची राखण. आपल्या 'गुपचूप'मधला गुप त्याच धातूचा. पोरं गुपचूप गूळ चोरतात तेव्हा वचनगुप्तीच पाळत असतात म्हणायची.

तुळजापुरात मौन असं कधी नसतंच. संबळ वाजतो, पोत पेटलेला असतो, 'आई राजा उदो उदो' चालू असतं. तरी वर्षातून तीनदा आई झोपते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावस्येपर्यंत घोरनिद्रा, सीमोल्लंघनानंतर आश्विनी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. ही मूर्ती चल आहे. सिंहासनावरून उचलून ती खरोखर पलंगावर निजवतात. देवी पलंगावर असेपर्यंत आपण गादीवर झोपायचं नाही, असं पाळणारी घरं अजून आहेत. तिन्ही निद्रांना तीन कारणं आहेत, पण घरातल्या बायका एवढंच म्हणतात, आई निजलीय, दंगा करू नका. कुठल्याही घरात दुपारी म्हणतात तसं.

एका शांततेला मात्र यातला कुठलाच शब्द लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून लोक उशिरा निजलेले. किल्लारी लातूरकडची, सास्तूर आमच्याकडचं. मातीत रचलेल्या दगडाच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचा भार. थंडीवाऱ्यापासून पिढ्यान्‌पिढ्या राखणारी तीच घरं अंगावर आली. नंतर तिकडं गेलेली माणसं सांगत, गावात रडणंसुद्धा कमी होतं, लोक नुसते बसून होते. अशांना आपण सुन्न म्हणतो. सुन्न म्हणजे शून्य. संस्कृतातून प्राकृतात, तिथून मराठीत झिजत आलेलं. गप्प माणसाच्या तोंडात काहीतरी असतं, सुन्न माणसाच्या नसतं. त्याला बोला म्हणायचं नसतं, गप्प बसा तर नाहीच नाही.

आता तेर. पेरिप्लस या जुन्या ग्रीक पुस्तकातलं तगर ते हेच, पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर. पण मराठी माणसाला तेर माहीत आहे ते गोरोबाकाकांमुळं. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं विचारलं, काका, हे थापटणं कशाला? मडकी थापटायला. मग यांची डोकी थापटून सांगा, कच्चं कोण आणि पक्कं कोण. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं हाणलं. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढा ओरडला. कच्चं मडकं! नामदेव चिडून पंढरीला गेला आणि शेवटी विसोबा खेचरांकडं पोचला. महिपतींच्या १७६२ च्या 'भक्तविजया'त ही कथा आहे आणि आमच्याकडं ती पोथी न उघडता पाठ असते.

ही कथा कुंभाराच्या पोराला सांगून बघा. तो लगेच अडवतो. कारण मडक्याचा न्याय नेमका उलटा. आव्यात नीट भाजलेलं मडकं बोटाच्या पेरानं वाजवलं की खणखणतं. कच्चं किंवा तडकलेलं असेल तर बद्द आवाज येतो, येतो न येतोसा. म्हणजे पक्कं ते बोलतं आणि कच्चं ते गप्प राहतं. गोरोबाकाका जन्मभर मडकी वाजवत होते, त्यांना हे ठाऊक नसेल असं कोण म्हणेल? तरी त्या दिवशी त्यांनी माणसांना उलटा नियम लावला, आणि सातशे वर्षांत एकाही कीर्तनकाराला त्यात काही चुकल्यासारखं वाटलेलं नाही.

त्याच उन्हाळ्यात आजी सुनेला घेऊन बाजारात गेली, माठ घ्यायला. मी पिशव्या धरायला. आजी उकिडवी बसली, एक माठ ओढला, आत डोकावली, बाहेरून पेरानं वाजवला. ठेवून दिला. दुसरा. तिसरा. सून मागं उभी राहून काहीतरी विचारत होती, भाव जास्त सांगतायत का असं काहीसं. "गप जरा," आजी म्हणाली, आणि कान माठापाशी नेला. सून या वेळी खरंच गप्प झाली. आजीनं परत एकदा वाजवला. खण्ण.

"ह्यो बोलायलाय," ती म्हणाली. "घे."